आजार लपवू नका, वापरूही नका

नवापूर दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक आमचं रेल्वे स्टेशन, निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत. येणारा पाहुणा तिथल्या बाकावर दोन राज्यांत बसून फोटो काढतो. दुसरी ओळख आम्ही होऊन कुणाला सांगत नाही. 18 फेब्रुवारी 2006 रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून जाहीर झालं की आमच्या तालुक्यातल्या कोंबड्यांत एच5एन1 विषाणू आहे. भारतात बर्ड फ्लूची ती पहिली नोंद. त्यानंतर नऊ वर्षांनी, 4 जून 2015 रोजी, जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. आमच्यासारख्या गावांभोवती सरकार जी वर्तुळं आखतं, त्यांचाच दाखला त्या खटल्यात आपल्यावर उलटला. ही गोष्ट नवापुरातही फारशी कुणाला ठाऊक नाही.

माझा धंदा अंड्यांचा. फार्मवरून ट्रे उचलायचे, पेट्या भरायच्या, सुरतेकडे नाहीतर धुळ्याकडे रवाना करायच्या आणि रोज सकाळी राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा (एनईसीसी) भाव बघून आज कमावलं की गमावलं ते ठरवायचं. तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतली कोंबडीची तंगडी इथे स्वस्तात उतरली तर मला ते परवडणारं नाही. तिकडच्या गिऱ्हाइकाला छातीचं मांस आवडतं, तंगड्या उरतात आणि उरलेला माल मिळेल त्या भावात जगात कुठेही खपवला जातो. अंड्यावरून उतरलेली आमची कोंबडी शेवटी चिकनच्याच बाजारात जाते. ब्रॉयलरचा भाव पडला की तिचाही पडतो, आणि फार्मवाला बसला की त्याच्यामागोमाग मीही बसतो. एवढं असूनही मी म्हणतो, जिनिव्हात आपण हरलो ते योग्यच झालं. का, ते सांगायचं तर आधी 2006 मध्ये जावं लागेल.

कोंबडीचं दुखणं डॉक्टरच्या आधी ट्रेमध्ये दिसतं. त्या वर्षी जानेवारी सरता सरता माझ्याकडे येणारा माल बदलला. कवच खरखरीत, पातळ, बोटाने दाबलं तर आत जाणारं. ज्या शेडमधून टेम्पो भरून यायचा, तिथून अर्धाच येऊ लागला. फार्मवर काम करणारा एक मावची आदिवासी पोरगा ट्रे चढवताना हळूच म्हणाला, "शेठ, पक्षी पाणीच पीत नाहीत. तुरे निळे पडलेत." मालकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो गप्प झाला. राणीखेत असेल, हिवाळ्यात मानमोडी येतेच, लस दिली की थांबेल, असं जो तो म्हणत होता. सुरुवातीला त्यावर त्यांचा विश्वासही होता. पण मरतूक शेकड्यांवरून हजारांवर गेली, तेव्हा ही मानमोडी नव्हे हे सगळ्यांना मनातून कळलं. तरी कुणी तोंड उघडलं नाही. मेलेले पक्षी शेडमागच्या खड्ड्यात जात होते आणि चालते-फिरते पक्षी मिळेल त्या भावाने गाडीत.

लपवलं कशाला, असं लोक आजही विचारतात. ज्याने बँकेचं कर्ज काढून कधी शेड बांधलं नाही, त्याला हा प्रश्न सुचतो. कळवलं तर काय होणार होतं? तुमचं शेड सील, शेजाऱ्याच्या धडधाकट कोंबड्याही खड्ड्यात, गावभर तुमच्या नावाने शिव्या आणि भरपाई मिळेल तेव्हा मिळेल. नाही कळवलं तर निदान दोन-चार गाड्या माल निघून जाईल ही आशा. समोर असा हिशेब मांडला असेल तर शंभरातले नव्वद लोक गप्पच बसतात. कायद्याच्या धाकाने उरलेले दहाही बोलत नाहीत, ते फक्त जास्त सावध होतात.

मग पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. बाधित शेडभोवती वर्तुळं आखली गेली. आतल्या वर्तुळात एकही पक्षी ठेवायचा नाही, बाहेरच्या वर्तुळात पाळत. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. सीमेपलीकडे उच्छल तालुक्यातही तेच झालं. कोंबड्या पकडणाऱ्या मजुरांना टॅमीफ्लूच्या गोळ्या दिल्या. फेब्रुवारीचं आमच्याकडचं ऊन, त्यात अंगभर प्लास्टिक. माणसं तासातासाला बाहेर येऊन घाम निथळत बसायची. अंडी तर पकडायलाही लागत नाहीत. एका पेटीत 210 अंडी. पेटी खड्ड्यात उलटी केली की वरची फुटतात, खालची शाबूत राहतात. मग गमबूट घातलेला माणूस त्यांवरून चालतो आणि वर चुना पडतो. पाड्यावर घरामागे चार गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बायांच्या कोंबड्याही त्यात गेल्या. त्या कोंबड्या म्हणजे त्यांची बचत. पाहुणा आला, पोराला ताप आला की त्यातली एक विकायची. त्यांना हा कसला रोग, तो कुठून आला, हे नीट समजावून सांगायला त्या धांदलीत कुणाला सवड नव्हती.

माणसांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. एकालाही लागण निघाली नाही. भारतात या विषाणूने पहिला माणूस दगावला तो थेट 2021 च्या जुलैत: हरियाणातला एक मुलगा, दिल्लीच्या एम्समध्ये. पण 2006 मध्ये हे कुणाला माहीत असणार? जगभरात ज्यांना एच5एन1 झाल्याची नोंद आहे, त्यांतले जवळपास निम्मे मेले आहेत. तेव्हा घाबरणं चुकीचं नव्हतं, कोंबड्या मारणंही चुकीचं नव्हतं. माणसाच्या जिवासाठी धंदा बंद ठेवावा लागला तर ठेवावा. त्यात मला काही म्हणायचं नाही.

मला म्हणायचं आहे ते पुढच्याबद्दल. रोग नवापूर-उच्छलच्या पट्ट्यात होता, पण देशभर कोंबडी पडून राहिली. आखाती देशांनी भारतातल्या अंड्यांना दार बंद केलं. त्यात इथून हजार किलोमीटरहून लांब असलेल्या तमिळनाडूतल्या नामक्कलचाही माल अडकला, जिथे रोगाचा मागमूस नव्हता. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग निघाला आणि उरलीसुरली आशाही संपली. ऑगस्टमध्ये भारताने स्वतःला रोगमुक्त जाहीर केलं. तोवर खानदेशातल्या आणि बाहेरच्या प्रत्येक फार्मवाल्याने एक धडा मनात पक्का केला होता: ज्याने सांगितलं तो मेला.

हा धडा नवापूरचा नाही, जुनाच आहे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारला ते कबूल करणं जड जात होतं, कारण मांडवी म्हणजे बंदराचा बाजार. प्लेगचं नाव निघालं की युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवणार, कातडी आणि धान्य गोदीत पडून राहणार. झालंही तसंच. 1897 मध्ये व्हेनिसला युरोपीय देशांची परिषद भरली, तिच्यापुढचा मुख्य विषय मुंबईचा प्लेग. व्यापाराच्या त्या दडपणाखाली घाईघाईने साथरोग कायदा आला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घराघरांत शिरून जे केलं ते आपण शाळेत शिकलो. त्या अत्याचाराच्या मागे प्लेगची भीती होती तितकीच बाजार गमावण्याचीही होती, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

सुरतेचं तर आमच्या डोळ्यांदेखत झालं. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि उधना-लिंबायतमधला खानदेशी माणूस मिळेल त्या गाडीने नवापूरवरून जाणाऱ्या याच ताप्ती लाइनवरून गावाकडे पळाला. मृत्यू पन्नासच्या आसपास. पण कित्येक देशांनी विमानं बंद केली, काहींनी भारताचा माल थांबवला. नुकसानीचे अंदाज दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले. जागतिक आरोग्य संघटना अशी बंदी घाला म्हणत नव्हती, तरी ती घातली गेली. 2021 च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा ओमिक्रॉन प्रकार ओळखून जगाला लगेच सांगितलं; बक्षीस म्हणून दोन दिवसांत त्यांची विमानं बंद झाली. इंडोनेशियाचं दुखणं आणखी वेगळं. 2007 मध्ये त्या देशाने बर्ड फ्लूचे नमुने बाहेर देणं थांबवलं. आम्ही विषाणू फुकट द्यायचा, परदेशी कंपनीने त्यावर लस करायची आणि ती आम्हालाच न परवडणाऱ्या भावात विकायची, हे बंद करा, असं त्यांच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी म्हणाल्या. जगाने त्यांना बेजबाबदार ठरवलं. मला त्यांच्यात आमचा फार्मवाला दिसतो. सांगून मिळत काहीच नाही, जातं मात्र सगळं.

आता जिनिव्हाकडे येऊ. 1995 मध्ये व्यापार संघटना झाली तेव्हा एसपीएस नावाचा एक करारही झाला. त्याचं सूत्र समजायला सोपं आहे. माणूस, जनावर, पीक यांच्या आरोग्यासाठी कोणत्याही देशाने आयात अडवावी, तो त्याचा हक्क. पण कारण शास्त्राला धरून हवं, धोका किती याचा अभ्यास कागदावर हवा, आणि घरच्याला एक न्याय, बाहेरच्याला दुसरा, असं चालणार नाही. जनावरांच्या रोगांत प्रमाण मानायचे ते पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेचे नियम.

भारताने 2007 पासून बंदी घातली होती ती अशी: ज्या देशात बर्ड फ्लूची नोंद होईल, त्या अख्ख्या देशातून कोंबडीचं मांस, अंडी, पिल्लं काही येणार नाही, मग तो रोग सौम्य प्रकारचा का असेना. त्या काळात अमेरिकेत सौम्य प्रकारच सापडत होता. मार्च 2012 मध्ये अमेरिका तक्रार घेऊन व्यापार संघटनेकडे गेली. तिचे प्रश्न थोडेच होते, पण नेमके. तुम्ही धोक्याचा अभ्यास केला आहे का, असेल तर दाखवा. तुमच्या एखाद्या गावात रोग आला तर तुम्ही 10 किलोमीटरचं वर्तुळ आखता आणि त्याच्या बाहेरचा देश धंदा करत राहतो; मग आमच्या एका टोकाला रोग आला तर आमचा सगळा देश बंद का? आणि ज्या सौम्य प्रकाराचं कारण देऊन तुम्ही आम्हाला अडवता, तो तुमच्या कोंबड्यांत आहे की नाही हे शोधण्याइतकी तपासणी तुम्ही करता का?

यांतल्या एकाही प्रश्नाला आपल्याकडे धड उत्तर नव्हतं. ऑक्टोबर 2014 मध्ये पॅनेलचा निकाल विरोधात गेला, 2015 मध्ये अपीलही गेलं. पुढे अमेरिकेने वर्षाला 45 कोटी डॉलरच्या बदल्याच्या शुल्काची मागणी लावून धरली. प्रकरण मिटलं ते 2023 च्या सप्टेंबरात, दिल्लीत जी-20 भरली तेव्हा. आणि त्या तडजोडीत आपण गोठवलेली टर्की, गोठवलेलं बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांवरचं आयातशुल्क कमी केलं. नवापुरात टर्की कोण खातं, हा प्रश्न सोडा. कोंबडीच्या आजारावरून सुरू झालेलं भांडण ब्लूबेरीवर मिटतं, तेव्हा ते भांडण आजाराचं होतं की बाजाराचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि बाजाराचंच असेल तर तसं म्हणायला लाज कसली? 1 एप्रिल 2001 रोजी आपल्याला उरलेल्या 715 वस्तूंवरची आयातबंधनं उठवावी लागली. पण कोंबडीच्या कापलेल्या तुकड्यांवर आपण 100 टक्के शुल्क लावलं. ते उघड आहे, नियमात बसणारं आहे आणि त्याचा हिशेब कुणालाही मागता येतो. लहान फार्मवाला आणि पाड्यावरची कोंबडी जगवायची असेल तर शुल्क लावा, वाटाघाटीत त्यासाठी भांडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण आरोग्याचं नाव त्यासाठी वापरू नका. 2021 मध्ये पशुखाद्य महागलं तेव्हा आमच्याच धंद्याच्या मागणीवरून सरकारने 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. शहाद्याचा सोयाबीनवाला तेव्हा भाव पडेल म्हणून ओरडत होता. जनुकबदल पिकाच्या आरोग्यावरच्या परिणामांची एरवी होणारी चर्चा त्या दिवशी कुठे होती? माल नको असतो तेव्हा आरोग्य आठवतं, हवा असतो तेव्हा विसरतं. असं दोन-चारदा झालं की खऱ्या रोगाच्या वेळी आपण कितीही ओरडलो तरी समोरचा आधी हिशेबाची वही काढतो. लांडगा आला रे आला, एवढीच त्या ओरड्याची किंमत उरते.

बंदीचा दुसरा तोटा घरातच झाला. कागदावर एक ओळ लिहून दरवाजा बंद होत असेल, तर प्रयोगशाळेवर, पशुवैद्यकांवर, नमुने गोळा करण्यावर पैसा कोण घालणार? 2021 च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला, पुन्हा लाखोंनी कोंबड्या गेल्या आणि शिक्कामोर्तबासाठी पुन्हा भोपाळचीच वाट पाहावी लागली. मधली बरीच वर्षं परदेशी तंगडी आपण अडवून धरली होती. विषाणू सहसा तंगडीत बसून येत नाही. तो स्थलांतरित पाखरांबरोबर येतो, पिंजऱ्याबरोबर येतो, एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जाणाऱ्या टेम्पोच्या चाकाला लागून येतो. माझ्यासुद्धा.

अमेरिकेला शहाणपणाचं प्रमाणपत्र द्यायला मी बसलेलो नाही. अपील मंडळाचा निकाल आला त्याच सुमाराला तिकडे जहाल बर्ड फ्लूने थैमान घातलं होतं. 2015 च्या त्या साथीत सुमारे पाच कोटी कोंबड्या आणि टर्की गेल्या. 2022 पासूनची साथ त्याहून मोठी. मार्च 2024 मध्ये तोच विषाणू तिथल्या दुभत्या गाईंत सापडला, मग डेअरीवरच्या आणि पोल्ट्रीवरच्या मजुरांत, आणि जानेवारी 2025 मध्ये लुइझियानात पहिला मृत्यू झाला. मार्च 2025 मध्ये तिथे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव 6.23 डॉलरवर गेला, म्हणजे एक अंडं पंचेचाळीस रुपयांच्या आसपास. माझ्यासारख्याला तो आकडा वाचून हेवा वाटावा, पण भीतीच वाटली.

त्याहून बोलकी गोष्ट फ्रान्सची. ऑक्टोबर 2023 मध्ये फ्रान्सने आपल्या बदकांना बर्ड फ्लूची लस टोचायला सुरुवात केली. रोगच होऊ नये म्हणून केलेला हा उपाय. लगेच अमेरिकेने फ्रान्सच्या कोंबडी-बदकांच्या मालावर बंधनं आणली. कारण लस दिलेल्या पक्ष्यात विषाणू लपून राहू शकतो. खुद्द अमेरिकेतही अंडीवाले लस मागतात आणि ब्रॉयलरवाले विरोध करतात, कारण लस दिली तर बाकीचे देश आपला माल अडवतील. म्हणजे रोग सांगितला तर शिक्षा, आणि रोग टाळायला लस दिली तरी शिक्षा. व्यापाराचे नियम असे वळण घेणार असतील तर ते नियम विषाणूच्या बाजूचे म्हणावे लागतील.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, आमच्या जिल्ह्याच्या आरोग्याशी याचा संबंध काय? नंदुरबारचं नाव राज्यात निघतं ते कुपोषणासाठी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अंगणवाडीत मुलाचं वजन करताना काटा कुठे थांबतो ते आमच्या आशाताई आणि अंगणवाडीताई रोज पाहतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं मिळतं, न खाणाऱ्यांना केळं. सातपुड्यातल्या कित्येक मुलांच्या पोटात जाणारं ते सगळ्यात खात्रीचं प्रथिन. बर्ड फ्लूची नुसती बातमी फुटली तरी पहिला संशय याच अंड्यावर येतो. अंडं आतपर्यंत 70 अंशांना तापलं की विषाणू मरतो, म्हणजे नीट उकडलेल्या अंड्याला भ्यायचं कारण नाही, हे ठासून सांगणारा माणूस त्या दिवशी पाड्यावर नसतो. इकडे फार्म बंद पडले की भाव चढतो आणि योजनेतला ठरलेला दर त्याला पुरत नाही. मधल्या मध्ये मुलाचं अंडं जातं. व्यापारधोरणाचा आरोग्यावर होणारा परिणाम असा, वाटीत न पडलेल्या अंड्याइतका मोजता येण्याजोगा आहे.

व्यापाराने आरोग्याचं भलंही होतं, हेही कबूल करायला हवं. जे देश आपली अंडी घेतात ते औषधांच्या अंशाची तपासणी मागतात, म्हणून निर्यातीच्या फार्मवर प्रतिजैविकं जपून दिली जातात. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या आणीबाणीत लागणारं औषध; ते आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातलं जात होतं आणि 2019 च्या जुलैत केंद्राने त्यावर बंदी घातली. पण परदेशी जाणाऱ्या पेटीमागे जितके कागद लागतात, तितके धडगावच्या अंगणवाडीत जाणाऱ्या पेटीमागे लागत नाहीत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला जे नियम, तेच आपल्या पोरांना लावा, एवढीच मागणी आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट भरपाईची. 2021 मध्ये मारलेल्या अंड्यावरच्या कोंबडीला 90 रुपये, नष्ट केलेल्या अंड्याला 3 रुपये आणि खाद्याला किलोमागे 12 रुपये असा दर होता. अंड्यावर येईपर्यंत त्या कोंबडीवर त्याच्या दुपटीहून जास्त खर्च झालेला असतो. शिवाय पैसे मिळतात ते सरकारने मारलेल्या पक्ष्याचे, आधी मेलेल्याचे नाही. हा नियम लवकर कळवावं म्हणून आहे, मान्य. पण दर कमी आणि पैसा उशिरा, तर नियमाचा उपयोग शून्य. दर खर्चाच्या जवळ आणा, पैसे पंधरा दिवसांत खात्यावर टाका आणि जो पहिल्यांदा कळवेल त्याला वरून काही जास्त द्या. पाड्यावरच्या बाईला तर त्याच दिवशी हातात रोख द्या.

दुसरी गोष्ट तपासणीची. अंतिम शिक्का भोपाळचा राहू द्या, पण प्राथमिक चाचणी खानदेशातच व्हावी, आणि तीही रोग नसताना, वर्षभर. सौम्य प्रकार आपल्याकडे आहे की नाही, याचं उत्तर पुढच्या खटल्यात आपल्या फाइलमध्ये असलं पाहिजे. पशुवैद्यकीय दवाखान्यांतली रिकामी पदं हा मग केवळ जनावरांच्या खात्याचा प्रश्न राहत नाही. माणसाच्या आरोग्याचा पहिला चौकीदार पशुवैद्यकच आहे.

तिसरी गोष्ट दिल्लीला सांगायची. आयात अडवायची तर आधी धोक्याचा अभ्यास करा, तो छापा आणि लोकांना वाचू द्या. 2023 मध्ये भारताने देशातले 26 पोल्ट्री विभाग बर्ड फ्लूमुक्त असल्याचं जगाला कळवलं, त्यांत महाराष्ट्रातलेही आहेत. म्हणजे देशात कुठे रोग असला तरी आमचा हा एवढा भाग स्वच्छ धरा, असं आता आपणच म्हणतो आहोत. तेच अमेरिकेचं म्हणणं आपण 2015 पर्यंत नाकारत होतो. एकदा भूमिका घेतली की ती दोन्ही बाजूंनी पाळावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क लादलं आणि शेतीमालाचा बाजार खुला करा असा तगादा लावला. अशा वाटाघाटीत शेतकऱ्याचं नाव घेऊन शेतकऱ्यासाठी लढा. रोगाचं नाव रोगासाठी राखून ठेवा.

आणि चौथी गोष्ट जगाची. पशुआरोग्य संघटनेने 2021 मध्ये एक चांगला बदल केला: कोंबड्या मारून, जागा निर्जंतुक करून झाली की रोगमुक्त म्हणायला पूर्वी तीन महिने थांबावं लागे, आता 28 दिवस. सांगणाऱ्याची शिक्षा तेवढी कमी झाली. 20 मे 2025 रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. पण विषाणूचे नमुने देणाऱ्या देशाला बदल्यात काय मिळणार, हा कळीचा भाग पुढच्या वाटाघाटींवर ढकलला. भारताने तिथे इंडोनेशियाची बाजू लावून धरावी. जो देश आधी कळवेल त्याला लस आधी मिळावी, आणि त्याच्या मालावर बंदी आलीच तर ती रोगाच्या वर्तुळापुरती आणि ठरल्या मुदतीची असावी.

नवापूरचा फार्मवाला आणि दिल्लीचं वाणिज्य मंत्रालय, दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. धंद्यासाठी आजार लपवू नका आणि धंद्यासाठी आजाराचं नाव वापरू नका. दोन्हींत फसवणूक तीच आहे, आणि तिची किंमत शेवटी ज्याच्याकडे ना फार्म आहे ना मंत्रालय, तो मोजतो. पुढचा बर्ड फ्लू नवापुरात येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. तो आला हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगावं असं वाटत असेल, तर सांगणाऱ्याचं नुकसान होणार नाही याची तजवीज सरकारने आज करून ठेवावी.